क्यूबच्या पोटातली चिठ्ठी

मी निरुपमा, एका सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर. खात्याचं नाव सांगत नाही, कारण निवृत्तीला आठ महिने आहेत आणि पेन्शनचा कागद त्यांच्याच टेबलावरून निघायचा आहे. ठेकेदारांमध्ये मी खडूस बाई म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात खोटं काही नाही.

यंदा पादरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला पाण्याची उंच टाकी मंजूर झाली. आठ खांब, वर पाच लाख लिटर पाणी, आणि खांबांना खेटून अंगणवाडी. खांब ओतताना त्याच काँक्रीटचे वीतभर ठोकळे भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरवायचे आणि मग लॅबच्या मशीनखाली फोडायचे, असा नियम आहे. या ठोकळ्यांना आम्ही क्यूब म्हणतो. क्यूब किती दाब सोसतो त्यावरून खांबाची ताकद कळते. रिपोर्टवर माझी सही झाली की वर टाकी चढणार.

आता खांबात एक माल आणि क्यूबमध्ये दुसरा, हा धंदा सगळ्यांना ठाऊक आहे. भरपूर सिमेंटचे क्यूब वेगळे करून ठेवायचे आणि आयत्या वेळी बदलायचे. म्हणून मी ओल्या क्यूबवर खिळ्याने तारीख आणि सही कोरते, सगळ्यांसमोर. शिवाय कुणाचं लक्ष नसताना सहीची एक चिठ्ठी आत दाबते. क्यूब फुटला की ती निघते. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सुभाषच्या पोटात काही राहत नाही.

अठ्ठावीस दिवस झाले आणि ठेकेदार मयंकभाई जातीने लॅबमध्ये हजर झाला. पांढरे बूट, हातात इथल्या ओलसर ‘लीलो’ चिवड्याचा पुडा, बरोबर आमचे आनंदसाहेब.

पहिला क्यूब मशीनखाली गेला. तीसची ताकद मागितली होती, आली अठ्ठेचाळीस. मयंकभाईने टाळी वाजवली. मी हातोडी घेऊन तुकडे फोडत बसले. चिठ्ठी नाही. दुसऱ्यात नाही, तिसऱ्यातही नाही. वर कोरलेली सही मात्र हुबेहूब होती. माझा ‘नि’ त्यांनी माझ्यापेक्षा सुबक काढला होता.

“शुं शोधो छो, बेन?” मयंकभाईने विचारलं.

“माझी सही.”

“आ रही ने, ऊपर!”

“आतली शोधतेय. हे माझे क्यूब नाहीत, मयंकभाई.”

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. छाती काढून म्हणाला, “बेन, चालीस काम कर्या छे आ शहेरमां. एक पण क्यूब कदी फेल नथी थयो!”

साहेबांनी मला बाजूला घेतलं. “निरुपमाबेन, वाढवू नका. उद्घाटनाची तारीख पडलीय, मंडपवाल्याला सांगून झालंय. वरपर्यंत सगळ्यांचं समाधान झालेलं आहे. आणि तुमचे आठच महिने राहिलेत ना?”

“साहेब, टाकी अंगणवाडीवर कोसळली तर त्या पेन्शनला काय चाटायचंय? मी नापास लिहितेय. खांबाला भोक पाडा, आतला माल काढा आणि तो तपासा.”

तिथेच बसून रिपोर्ट लिहिला. प्रती तीन ठिकाणी पाठवल्या, त्यातली एक थेट दक्षता विभागाला. साहेबांचा चेहरा पाहून मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सयाजीगंजात स्कूटर थांबवून मी चहा घेतला. बढतीच्या दिवशीसुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसरा कप मागवला आणि मयंकभाईचं वाक्य डोक्यात घोळायला लागलं. चाळीस कामं, एकही क्यूब नापास नाही. चांगल्यातल्या चांगल्या ठेकेदाराचाही एखादा क्यूब कधीतरी नापास होतोच. मग या चाळीस कामांना पास कोणी केलं? आणि चिठ्ठी घालायला लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती.

चहा तसाच टाकून मी ऑफिसात परतले, जुन्या फायली काढल्या. त्यातल्या अकरा कामांवर माझी सही. ताकद अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, पुन्हा अठ्ठेचाळीस. एका रिपोर्टवर तर मी खूश होऊन शेरा मारला होता, ‘उत्तम काम’. मला माझीच भयंकर चीड आली. तो रिपोर्ट नऊ वर्षांपूर्वीच्या एका शाळेच्या स्लॅबचा होता, ऑफिसपासून दहा मिनिटांवर.

मी सरळ शाळेत गेले. मुख्याध्यापिका शालिनीबेन आमच्यातल्याच, मराठी. वर्ग चालू होते.

“वरच्या मजल्यावर किती मुलं आहेत?” मी विचारलं.

“एकशे दहा. का हो?”

“सगळ्यांना आत्ता मैदानात आणा. स्लॅब तपासून होईपर्यंत वर कोणी जायचं नाही. खालच्या वर्गांतही नाही.”

“असं कसं? ऑर्डर कुणाची आहे?” त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. “हा बघा दाखला. तुमच्याच खात्याने पास केलीय ही बिल्डिंग. सही-शिक्का सगळं आहे.”

“ती सही माझी आहे, शालिनीबेन,” मी म्हटलं. “म्हणूनच सांगतेय. मुलांना बाहेर काढा.”