बिल्ला

आणीबाणीचं साल. गिरणीत संपाचं नाव काढायची सोय नव्हती, तिथं मुतायला जायचा हक्क कोण मागतंय! सूत गुंडाळायच्या खात्यात बायका चाळीस आणि लाकडी बिल्ला एक. तो मिळाला तरच बाहेर जायचं. बिनबिल्ल्याची सापडली की कायमची घरी.

बिल्ला खात्यावर देखरेख करणाऱ्या नायकिणीच्या गळ्यात असायचा. तिला स्वतःला जायचं तर खातं राखायला दुसरी हवी, तो तिच्या गळ्यात घालूनच. गुरम्मानं पंधरा वर्षं त्या बिल्ल्यापुढं हात पसरला होता, ओठ चावून तास काढले होते. म्हातारी नायकीण गेली आणि साहेबानं बिल्ला गुरम्माला दिला, तेव्हा बायका म्हणाल्या, सुटलो बाई. जिला कळ ठाऊक, ती अडवेल कशी? गुरम्मालाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

आठ दिवसांत साहेबानं तंबी दिली. ढिलाई दिसली तर बिल्ला दुसरीला, आणि तू परत साच्यावर सूत गुंडाळायला.

सोमवारी दाक्षायणी उठून आली. गुरम्माच्याच गल्लीतली पोर, सातवा महिना. तासाभरापूर्वीच जाऊन आली होती, पण पोटुशीला का घड्याळ कळतं?

"अक्का, जाऊन येते की."

गुरम्मा बिल्ला काढणार, तोच दारातल्या साहेबाकडं तिची नजर गेली. हात तिथंच थांबला.

"सुट्टीत जा," ती म्हणाली.

पोर साच्यापाशी परतली. थोड्या वेळानं तिचं लुगडं भिजलं, फरशीवर ओघळ आला. कुणी हसलं नाही. दाक्षायणीनं चिंध्या घेऊन, पोट सावरत फरशी पुसली. गुरम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब मात्र मान डोलवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बिल्ला मागायला कुणी आलंच नाही. सकाळपासून एकीनंही पाण्याचा घोट घेतला नव्हता. दहाच्या सुमाराला गुरम्मालाच कळ आली. थोडा वेळ तिनं दम धरला, मग दाक्षायणीजवळ गेली आणि गळ्यातला बिल्ला पुढं केला.

"दाक्षा, जरा धर गं. आलेच मी."

दाक्षायणीनं वर पाहिलं नाही. "नको, नायकीणबाई. तुमचा हाय, तुमच्याकडंच असू दे."

कालपर्यंत ती अक्का होती.

गुरम्मा शेजारच्या शिवबाईकडं वळली. तिनं नुसती मान हलवली. पलीकडच्या बायकांनी तिला येताना पाहून पाठी फिरवल्या. दारात साहेब येऊन उभा होता.

गुरम्मा स्टुलावर जाऊन बसली. बिल्ला मुठीत आवळून तिनं ओठ चावला. सुट्टीच्या भोंग्याला अजून दीड तास होता.