प्रकल्पातले हात

सुनेत्राबाईंनी आठवीच्या वर्गात इराला पहिल्यांदा मराठीत हाक मारली, तेव्हापासून ती पोर हवेत होती. बडोद्यातल्या त्या शाळेत वर्गात इंग्रजी, मैदानावर गुजराती आणि भांडणात हिंदी चालायची. मराठी फक्त घरी. आणि इथे खुद्द विज्ञानाच्या टीचर, ज्यांचे पणजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते हे त्या कुणाला विसरूच देत नसत, तिला म्हणाल्या, "अगं इरा, तू आपल्यातली ना? मग माझ्या प्रकल्पात ये."

इराचे वडील रमाकांत धुळ्याहून येऊन रिफायनरीत फिटर म्हणून लागले होते. लेकीची बातमी ऐकून ते म्हणाले, "आपलं माणूस आहे म्हणून तुला घेतलं बरं. बाई सांगतील तसं कर."

नव्यानं बडोद्यात आलेली मराठी माणसं ही चूक हमखास करतात. मराठी कानावर पडली की यांना नातं लागल्यासारखं वाटतं. जुन्या बडोदेकरांना तसलं काही वाटत नाही, आणि त्यांच्या दिवाणखान्यात 'रिफायनरीवाले' हा शब्द कोणत्या सुरात उच्चारतात, हे रमाकांतांनी कधी ऐकलं नव्हतं.

प्रकल्प होता तण आणि बदलतं हवामान. जीवशास्त्र, भूगोल, गणित, समाजशास्त्र, सगळं एकातच गुंफायचं, असा त्या वर्षीच्या प्रदर्शनाचा नियम होता. शाळेमागं दोन वाफे केले, दोन्हींत गाजरगवताचं बी टाकलं आणि एकावर प्लास्टिक ताणलं. प्लास्टिकखाली ऊन कोंडायचं, आणि तिथलं गवत उघड्यावरच्या गवतापेक्षा उंच व्हायचं, आधी फुलायचं. पृथ्वी तापली की पिकं सुकतील पण तण माजेल, हे दाखवायचं होतं. तापमान लिहायचं, उंची मोजायची, रोपं उपटून मुळं धुवायची, ही कामं इराची. आलेख धवलचे. धवल हुशार होता, फर्डं बोलायचा, आणि मातीला बोटही लावायचा नाही.

इराला यातून एकच गोष्ट हवी होती. प्रदर्शनात परीक्षकांसमोर उभं राहून बोलायचं. बोलणारी मुलं दोनच असणार होती, आणि त्यातली एक आपण, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. गुजरातीतलं भाषण लिहून तिनं घोकून घोकून पाठ केलं. बाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "छान लिहिलंयस."

हातमोज्यांची एक जोडी होती. पण बाई म्हणाल्या, "मोज्यांनी मुळं तुटतात. तू हातानंच उपट, तुम्हाला सवय असते." कसली सवय, हे इरानं विचारलं नाही. तिला ते कौतुकच वाटलं.

आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग मनगटावर लाल चट्टे उठले आणि कोपरापर्यंत चढले. आई मलम लावायची, चिडायची. रमाकांत तिला गप्प करायचे.

समाजशास्त्राचे गुण मात्र अडले होते. गाजरगवतानं शेतमजुरांच्या कातडीचं काय होतं, त्याचे फोटो घ्यायला बाई मुलांना घेऊन डभोईकडच्या शेतांत गेल्या. तिथल्या बायकांनी कॅमेरा बघितला, हात पदराखाली घेतले, हसल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. परतीच्या बसमध्ये बाई धुमसत होत्या. शेजारी इरा बाहीवरून दंड खाजवत बसली होती. बाईंनी तिची बाही वर केली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मलम लावतेस?"

"आई लावते."

"दोन-चार दिवस लावू नकोस. फोटोत लाली नीट यायला हवी."

इरानं लावलं नाही. आईशी खोटं बोलली. फोटोच्या दिवशी हातांतून पाणी गळत होतं आणि बाई म्हणत होत्या, शहाणी गं, अजून थोडं उजेडात धर. दुखत होतं, पण तिला आनंद झाला होता, आणि हे लिहिताना मला त्या आनंदाचाच जास्त राग येतो.

मग बोलणाऱ्यांची नावं लागली. धवल आणि वर्गातली अवंती. इरा स्टाफरूममध्ये गेली.

"टीचर, माझं नाव राहिलंय."

"राहिलं नाही. आरशात बघितलंस का? मानेपर्यंत आलंय. परीक्षकांनी विचारलं, मुलांकडून उघड्या हातांनी हे करून घेतलंत का, तर मी काय सांगू?"

"मी पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालीन."

"हट्ट करू नकोस. आपल्या माणसांनी समजून घ्यायचं असतं. आणि हो, तुझं भाषण अवंतीला दे."

तिनं दिलं.

प्रदर्शन सयाजीगंजात, रविवारी होतं. "काम तुझं आहे, बघायला तर जाऊ," म्हणून रमाकांत तिला घेऊन गेले. गणवेश भाग घेणाऱ्यांनाच होता. इरानं विटका पंजाबी ड्रेस घातला होता. दालनात मधोमध तिच्या हातांचा भलामोठा फोटो लावला होता. खाली गुजरातीत लिहिलं होतं, डभोईजवळच्या एका शेतमजूर मुलीचे हात.

रमाकांतांनी ते सावकाश वाचलं. "हे तुझेच ना?"

"हो."

"मग असं का लिहिलंय?" इरानं बाही मनगटापर्यंत ओढली. मग तेच म्हणाले, "बाईंनी काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल."

परीक्षक आले. म्हातारे, सज्जन गृहस्थ होते. अवंतीनं इराचं भाषण न अडखळता म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि चष्मा वर करून फोटो बघितला. "आ फोटो नेट परथी लीधो छे?" नेटवरून घेतलाय का, असं ते विचारत होते.

प्रकल्पाचे गुण त्या प्रश्नावर लटकले होते. सुनेत्राबाईंची नजर गर्दीवर फिरली आणि इरावर थांबली.

"ना साहेब, छोकरी अहींज छे." मुलगी इथंच आहे, म्हणत त्यांनी इराला कोपराला धरून पुढं आणलं आणि तिची बाही वर सरकवली. लोक वाकून बघू लागले. "बिचारीला आम्ही मुद्दाम बोलावून घेतलं," असं त्या गुजरातीत म्हणाल्या. धवल आपल्या आलेखांकडं बघत राहिला.

परीक्षक इरासमोर वाकले. "बेटा, निशाळे जाय छे?" शाळेत जातेस का, असं त्यांनी अगदी मायेनं विचारलं.

इतके दिवस तिला याच माणसासमोर बोलायचं होतं. आता तो कान देऊन उभा होता. तिनं वडिलांकडं पाहिलं. रमाकांतांनाही सगळं कळलं होतं, त्यांचा चेहरा उतरला होता. पण शेजारी आपल्या मराठी बाई उभ्या होत्या, चारचौघांत त्यांची लाज गेली असती. त्यांनी लेकीकडं बघून हळूच नकारार्थी मान हलवली.

"ना," इरा म्हणाली.

परीक्षकांनी हळहळून गुण लिहिले आणि या मुलीला शाळेत घाला, असं बाईंना बजावलं. प्रयत्न चालूच आहेत, असं बाई म्हणाल्या.

ते पुढच्या टेबलाकडं गेल्यावर रमाकांतांनी इराची बाही खाली ओढली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "शहाणी गं माझी बाय," ते म्हणाले. "चल, बाईंच्या पाया पड, आणि निघू."