रेषेबाहेरचा चेंडू

सुलतानपूरच्या गुलाबरावांच्या घरात गेल्या तीन पिढ्यांत भूत शिरलेलं नाही. मेल्यावर माणसाचं काहीएक उरत नाही, हे त्यांनी विहारात इतक्या वेळा सांगितलं होतं, की ते उभे राहिले की लोक चपला शोधायचे. तेच गुलाबराव हल्ली दुपारी जेवण उरकून एका जपानी भुताची वाट पाहत बसत.

भूत मोबाइलमध्ये होतं. मोबाइल त्यांच्या मुलाचा, संघर्षचा. संघर्ष बुलढाण्याला कॉलेजात बेसबॉल खेळायचा. हा खेळ गावात कोणी पाहिला नव्हता. पण नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा असतात, एवढं सगळ्यांना पाठ होतं. मागच्या ऑगस्टमध्ये मेहकर रस्त्यावर त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. मोबाइलवरच्या एका जपानी मालिकेचे सहा भाग त्याचे पाहून झाले होते. सातव्यापासून गुलाबराव आणि त्यांची मुलगी महामाया पाहू लागले. खालच्या इंग्रजी ओळी महामाया वाचायची नि वऱ्हाडीत सांगायची. या वेळात गुलाबरावांच्या बायको जनकाबाई स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवायच्या.

मालिका चित्रकथेवरून काढलेली, त्यामुळे तर्काला सुट्टी होती. एक मेलेला खेळाडू आपल्या टीमकडून खेळायला परत येतो. अट एकच, सामना संपला की त्याला जावं लागणार. शेवटचा फलंदाज त्याचा जिगरी दोस्त. तो बाद झाला की सामना खलास.

"हा मुद्दाम बाहेर मारून राह्यला का?" गुलाबरावांनी विचारलं.

"हाव. चेंडू रेषेच्या बाहेर पडला तं आऊट नाही. कितीकबी वेळा मारा."

"मंग मॅच संपतच नाही?"

"नाही न, बाबा."

"डोकं आहे पोट्ट्याले."

पोट्टा तीन भाग रेषेबाहेर मारत राहिला.

गुलाबरावांचं एक काम मात्र घरात कोणाला ठाऊक नव्हतं. संघर्षचं खेळाचं प्रमाणपत्र पडताळणीला गेलेलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी गुलाबराव एसटीने बुलढाण्याच्या क्रीडा कार्यालयात जात आणि फाइलला काहीतरी जोडून येत. कधी फोटो, कधी नावातल्या दुरुस्तीचा अर्ज, कधी सामन्याच्या अहवालाची झेरॉक्स. तिथल्या प्राची मॅडम पोच म्हणून शिक्का मारत, "पुढच्या महिन्यात या काका," म्हणत. मुलगा गेल्याचं त्यांनी तिथे सांगितलं नव्हतं.

शेवटच्या भागात फलंदाजाच्या तळहातातून रक्त येऊ लागलं. भूत उठून त्याच्याजवळ गेलं, काहीतरी बोललं.

"काय म्हणला तो?"

"काही नाही."

"वाच."

"म्हणते... लय दमले तुमी. आता राहू द्या. जाऊ द्या मले."

"दोस्ताले तुमी म्हणते?"

"जपानमधी म्हणतेत," महामाया स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

पुढच्या चेंडूवर फलंदाजाने बॅट फिरवली, चेंडू लागला नाही, तो बाद झाला. भूत दिसेनासं झालं. गुलाबरावांनी चष्मा काढून बनियनला पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

सोमवारी त्यांनी मृत्यूचा दाखला खिशात घातला. कार्यालयात प्राची मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि उभे राहिले. "आता फाइल बंद करून टाका, मॅडम. खेळाडू नाही राह्यला."

मॅडमनी दाखला वाचला. त्यांना आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही.

"बसा काका," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, एका नोंदीवर बोट ठेवलं आणि ते गुलाबरावांकडे फिरवलं.

कॉलेजच्या पत्रावरून फाइल सप्टेंबरातच बंद झाली होती.