काचकामाच्या मासिकातला मुलगा

"काचकामाचं मासिक येतं का हो तुमच्याकडे?" म्हाताऱ्या सुतारकाकांनी वाचनालयातल्या बाईंना विचारलं. "माझा मुलगा त्यात लिहितो म्हणे. आमची बोलचाल नाही. बापलेक एकाच लाकडाचे. मोडू, पण वाकणार नाही."

असलं मासिक वाचनालयात कुठून असणार! बाईंनी इतर वाचनालयांच्या याद्या धुंडाळल्या. एका तंत्रशाळेत ते येत होतं. तिथून दर महिन्याला अंक मागवायचं ठरलं.

काका खिडकीजवळ बसून ओळीवर बोट ठेवून वाचत. भट्टीतलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण मुलाचा लेख ते दोनदा वाचत. एकदा तर मोठ्यानं हसले. "ऐका बाई! म्हणतो, काच सावकाश निवू द्यावी, घाई केली की तडकते. आणि हा स्वतः! वाफाळता घास तोंडात कोंबून पळायचा."

पुढचा अंक आला तेव्हा बाईंनी सहज पानं उलटली. काळ्या चौकटीत काकांच्या मुलाचा फोटो होता, खाली त्याचं नाव.

काका आले. "आला का अंक?"

नाही म्हणावं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "काका, आधी बसा."

पान समोर आलं. काकांनी बोट टेकवलं. ते पहिल्याच ओळीवर थांबलं.

"केस पिकले होते की याचे," ते पुटपुटले. मग पुढे वाचत गेले. "आजारी होता... बायको आहे, मुलगी आहे." बोट तारखेवर ठेवूनच त्यांनी मान वर केली. "बाई, ही तारीख... मी इथं हसत होतो, तेव्हा तो गेलेला होता?"

बाईंनी काकांच्या पाठीवर हात ठेवला.

"सुनेशी बोलता? संपादकांकडे नंबर असेल."

"कोण म्हणून बोलू?"

बाईंनी मासिकाच्या कचेरीचा नंबर फिरवला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला.

"मी त्याचा..." काका अडखळले. पलीकडच्या माणसानं पुन्हा विचारलं. काकांनी फोन बाईंपुढे धरला. शेवटी बाईंनीच फोन घेतला, सगळं सांगितलं आणि सुनेचा नंबर उतरवून घेतला.

काका पानावर डोकं टेकून रडत होते.