माझे दागिने घातलेला ठोंब्या

मी एक आखूड तलवार बोलतेय. आखूड म्हटलं म्हणून हसू नका. लोहाराने मला भट्टीतून बाहेर काढलं, तेव्हा दुसरा सूर्य उगवला समजून कानाझावा शहरातले कोंबडे भर दुपारी आरवले. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.

थाटही तसाच. मुठीवर काळ्या रेशमी दोऱ्यांची वीण आणि मूठ आणि पातं यांच्यामधल्या चकतीवर सोन्याचे चतुर. चतुर कधी मागे उडत नाही म्हणतात, म्हणून लढवय्यांना त्याचं भारी कौतुक.

पुढे सरकारने कमरेला तलवार लावायला बंदी केली. मला गंज चढू नये म्हणून मालकांनी साध्या पांढऱ्या लाकडाच्या म्यानात निजवलं. माझे दागिने, म्हणजे मूठ, चकती आणि थाटाचं म्यान, मात्र आकार बिघडू नये म्हणून एका लाकडी पात्यावर चढवले. आमच्याकडची रीतच ती. पण तो ठोंब्या माझ्या दागिन्यांत बैठकीच्या कोनाड्यात मिरवायचा, आणि मी फळीवर लाटण्यासारखी पडून.

मालक गेले. जाताना बायकोला, त्सुयाबाईंना, म्हणाले, "तलवार आपल्या इसोला दे." इसो त्यांची एकुलती लेक. वर्ष सरायच्या आत धाकटे दीर कानेमोन दारात हजर.

"वहिनी, तलवार पुरुषाच्या घरात शोभते. पोरीला काय, भाजी चिरायची आहे?"

त्सुयाबाईंनी चहा पुढे केला. "दोन आहेत, भावोजी. एक कोनाड्यात, एक फळीवर. हवी ती एक न्या. पण आधी उपसून बघा."

"दादाच्या तसबिरीपुढे पातं उपसू? रीतभात आहे आम्हाला." त्यांनी कोनाड्यातली उचलली. "वा, किती हलकी! जुन्या लोहारांची किमयाच न्यारी."

"काका, खरंच बघून घ्या," इसो म्हणाली.

"तू गप गं. तुला काय कळतं त्यातलं?"

पुढची हकीकत मला चकतीवरच्या चतुरांनी सांगितली. कानेमोननी गावातली बडी मंडळी तलवार बघायला बोलावली. पात्याला श्वास लागू नये म्हणून रिवाजाप्रमाणे कागद दातांत धरला, वाकून नमस्कार केला आणि उपसलं. लाकूड! तोंडात कागद, बोलणार काय? पाहुणे खानदानी, हसणार कसे? सगळ्यात वडील होते ते पुढे वाकून म्हणाले, "रेषा सुरेख आहेत."

"आणि वाळवी अजिबात नाही," दुसऱ्यांनी दुजोरा दिला.

सकाळी कानेमोन परत आले. "वहिनी, मुठीचे दोरे जरा सैल वाटतात. तुमच्याकडेच असू द्या."

"मग फळीवरची नेता?"

त्यांनी इसोकडे पाहिलं. समोरचा चहाचा पेला हातात फिरवला. "नको. एक न्यायची ठरली होती, ती नेली. उरली ती हिची."

इसोने तिथल्या तिथे मूठ पात्याला धरून ठेवणारी बांबूची खुंटी ठोकून काढली, ठोंब्याला उघडं केलं आणि एकेक दागिना मला चढवला. मग उपसलं. छतावर उजेडाची पट्टी सळसळत गेली. कानेमोननी श्वास रोखला आणि कुणी न सांगता चटईला कपाळ टेकवलं.

आज इसो आजी झालीय आणि कोनाडा माझा आहे. मला बघायला जरूर या. तेलाचं मऊ फडकं तेवढं आणा, आणि नमस्कार मला करा, दागिन्यांना नव्हे. त्यांना आधीच फार चढलीय.