मेलेली मोटर

मिस्त्रीची चूक झाली ती जोडणीत नाही, बोलण्यात. भावोजींच्या मका सोलायच्या यंत्राला दोन रोलर, आणि प्रत्येकाला तेलाच्या दाबावर फिरणारी एकेक मोटर. आधी तेल एकीतून निघून दुसरीत जायचं. एक रोलर अडकला की दोन्ही थांबायचे. पण जोर दोघींत वाटला जायचा, म्हणून भावोजी सारखे कुरकुरायचे. मग कालच मिस्त्रीने दोघींना वेगवेगळ्या नळीने तेल दिलं. आता एक अडकली की सगळं तेल दुसरीकडे धावणार. एवढं सांगायचं मात्र साफ राहून गेलं. शहाणा!

दुपारी भावोजींचा फोन आला.

"काय रे, जोडणी केलीस की थट्टा? डावा रोलर ढिम्म हलत नाही आणि उजवा सुसाट सुटलाय. डावी मोटर मेली तुझी. तुझी ताई हात घालून अडकलेली देठं उपसतेय."

मेली कसली! देठं निघाली की त्याच क्षणी फिरणार होती ती, हातासकट.

"बंद करा!" तो किंचाळला. "आधी बंद करा!"

"बरं बाबा, ओरडतोस कशाला," भावोजी म्हणाले, आणि त्यांनी फोन बंद केला.

त्याने पुन्हा लावला. कोणी उचलेना. शेत वर्कशॉपच्या मागेच होतं; हातातला पानासुद्धा खाली न ठेवता तो धावत सुटला. कुंपणापाशी पोचतो तो आवाज बदलला. सुसाट सुटलेल्या उजव्या मोटरीची कर्कश शीळ थांबली, दोन्ही मोटरी एका सुरात चालू लागल्या. म्हणजे देठं निघाली होती. पण कशी निघाली? किंकाळी ऐकू येत नव्हती, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

त्याने आधी यंत्र चालवणारा ट्रॅक्टर बंद केला. ताई हात पोटाशी घट्ट धरून उभी होती, पांढरीफटक. त्याने तो हात ओढून घेतला आणि बोटं मोजली. पाच. पुन्हा मोजली.

"हातमोजा गेला रे," ती कशीबशी म्हणाली. "सैल होता म्हणून निसटला."

"बघ, झाली की चालू!" भावोजी पलीकडून येत म्हणाले. "उगाच नावं ठेवली तुझ्या मोटरीला."

मिस्त्री मटकन खाली बसला. ताईचा हात त्याने सोडला नव्हता.

"ती मेली नव्हती गं, ताई," तो रडत म्हणाला. "मला माहीत होतं. मी सांगितलंच नाही."