डब्यावरचं रबर

"पाण्यात उतरलंय," रेडिओवाला दारातूनच म्हणाला. "परतीचं हेलिकॉप्टर. कोसळलं नाही, उतरलंय. पण पाण्यात."

सूटमावशींच्या हातात रबराला लावायच्या पावडरचा डबा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, "आमचे जावई आहेत का त्यात?"

"नाहीत. नावं बघूनच आलोय. जावई तिकडे समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर आहेत, अगदी सुखरूप. त्यांची पाळी संपायला अजून वेळ आहे."

"देव पावला बाई!" मावशी खुर्चीत बसल्या आणि घटाघट पाणी प्यायल्या. हेलिकॉप्टरमध्ये आणखीही माणसं असणार, हे त्यांना पेला खाली ठेवल्यावर सुचलं. आपला तो बाब्या म्हणतात ते काही खोटं नाही. त्या पेलाभर पाण्याची त्यांना पुढे फार लाज वाटली, पण त्या क्षणी ते पाणी गोड लागलं होतं हेही खरं.

"बाकीचे कसे आहेत रे?"

"काढतायत बाहेर. बोट पोचलीय. सूट आहेत ना सगळ्यांच्या अंगावर, तुमच्या हातचे. काही होत नाही."

तळावरून समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला मावशींच्या खोलीतून नारिंगी सूट घालूनच पुढे सोडत. इथला समुद्र बारा महिने बर्फासारखा गार. साध्या कपड्यांत पडलेला माणूस त्यात फार वेळ तग धरत नाही. सूटचं सगळं मर्म गळ्याशी आणि मनगटाशी. तिथलं रबर कातडीला घट्ट बसलं तर माणूस आतून कोरडा. नाहीतर सूट कसला, पाण्यानं भरलेली पखालच ती. मावशी पूर्वी एका दुकानात पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायच्या. इथे लागल्यापासून सूट धुवायचे, वाळवायचे, झिपांना मेण लावायचं, चिरलेलं रबर बदलायचं, यात त्यांचे केस पांढरे झाले. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणीतरी घ्यायचं.

गेल्या वर्षापासून मात्र कामाला नुसता ऊत आला होता. जगाला म्हणे वीज पुरत नव्हती. जिकडे तिकडे यंत्रं, मोटारी, थंड हवेच्या खोल्या. सगळ्यांची भूक समुद्रानं भागवायची. गॅसच्या जुन्या प्लॅटफॉर्मभोवती पवनचक्क्यांचे खांब उभे राहत होते. गॅसवाले म्हणायचे, आम्ही आहोत म्हणून तुमचे दिवे लागतात. पवनचक्कीवाले म्हणायचे, तुमचा गॅस संपेल, वारा कसा संपेल? मावशींना दोघेही सारखेच. दोघांनाही न्यायला हेलिकॉप्टर तेच आणि सूटही तेच. फेऱ्या दुप्पट झाल्या, सूट मात्र होते तेवढेच राहिले. म्हणून गेल्या महिन्यात नवा नियम निघाला. पलीकडे गेलेला सूट कुणा एकाचा नाही. परत निघणाऱ्या पहिल्या माणसानं तो घालायचा. नियमाचा कागद दारावर मावशींनीच चिकटवला होता.

दुपार उलटल्यावर रेडिओवाला पुन्हा आला. या वेळी तो दारात थांबला नाही, आत येऊन स्टुलावर बसला.

"आचारी गेला, मावशी."

"कोण? बगळेराव?"

त्यानं मान हलवली. प्लॅटफॉर्मवरचा आचारी उंच, काटकुळा, मानेनं तर अगदी बगळा. हे नाव मावशींनीच ठेवलं होतं. सूट चढवताना तो दर वेळी म्हणायचा, "मावशी, माझ्या मानेला तुमच्या मोज्याचं इलॅस्टिकसुद्धा सैल होईल!" आणि मावशी म्हणायच्या, "जेवण करता की नुसतं दुसऱ्यांना वाढता?"

"सगळे सारखेच पाण्यात होते हो," रेडिओवाला म्हणाला. "बाकीचे आतून कोरडे निघाले. याच्या सूटमध्ये गळ्यापर्यंत पाणी. गारठूनच गेला म्हणतात."

"सूट कुठला होता?"

"काय?"

"सूटचा नंबर सांग."

"एकतीस. लांब मापाचा."

मावशींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. रेडिओवाल्याला वाटलं, त्यांना रडू येतंय. तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

एकतीस नंबरचा सूट त्यांनी याच आठवड्यात, याच टेबलावर आपल्या हातानं कापला होता.

जावई निघाला होता. तो पवनचक्क्यांचं काम करायचा. उंच, अंगानं भरलेला, मान खांद्यातच रुतलेली. सूट चढवून आरशासमोर उभा राहिला आणि बोट गळ्यात घालून म्हणाला, "आई, हे फार आवळतंय. मागच्या खेपेला मला वाटेत भोवळ आली. जरा सैल करा ना."

"जावईबापू, ते कापायचं नसतं हो. हा सूट काय तुमच्या एकट्याचा आहे?"

"माझ्यापुरताच वापरतो. तिकडे माझ्या खोलीत टांगून ठेवतो, येताना तोच घालून येतो आणि तुमच्या हातात देतो. मग तुम्ही रबर बदलून टाका. कुणाला कळणारही नाही."

मावशींना नियम आठवला नाही असं नाही. पण नवरा गेल्यापासून त्या लेकीच्या घरी राहत होत्या, म्हणजे जावयाच्याच घरी. दोन खोल्यांतली उजेडाची खोली त्यानं न बोलता त्यांना दिली होती. इतक्या दिवसांत त्यानं त्यांच्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. पहिल्यांदा मागितलं ते हे. त्यांनी बाकदार कात्री घेतली, गळ्याच्या कडेनं फिरवली आणि बोटभर रुंदीचं रबराचं कडं गोल सुटून आलं. हात असा सफाईदार की कुठे वाकडंतिकडं नाही. जावयानं मान इकडेतिकडे फिरवली. "वा, आई! आता कसं, जीवात जीव आला."

चांगलं रबर टाकवेना म्हणून मावशींनी ते कडं एप्रनच्या खिशात घातलं. त्यांच्या जेवणाच्या डब्याचं झाकण कधीचं सैल झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते कडं डब्यावर बसलं. एक थेंब सांडेना.

संध्याकाळी घरी आल्या तर लेक फोन कानाला लावूनच दारात उभी होती. सातवा महिना लागलेला, डोळे रडून लाल. "हे घे, तुझ्याशीच बोलायचंय म्हणतायत."

"आई," पलीकडून जावयाचा आवाज आला, तो त्याचा वाटेना. "मी ठेवला होता हो टांगून. खरंच ठेवला होता. सकाळी सूट गोळा करणारा आला. मी म्हटलं, हा राहू दे. तो म्हणाला, का, तुझ्या बापाचा आहे का? चार माणसं बघत होती. कारण सांगितलं असतं तर तुमचं नाव आलं असतं. मी दिला."

मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आचाऱ्यानं मला सकाळी दोन अंडी जास्त वाढली होती, आई. म्हणाला, खा, वारा तुला उडवून नेईल." मग त्याला बोलवेना. लेकीनं फोन काढून घेतला.

जेवण कुणाला गेलं नाही. लेक पाठ टेकून बसली होती, मध्येच म्हणाली, "आई, झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या तो सूट तुझ्याकडेच येणार ना तपासायला? रबर फाटलं म्हण. रबर काय, फाटतंच."

"फाटलेलं आणि कापलेलं वेगळं दिसतं गं."

"कुणाला? तुलाच ना? मग झालं!"

"अगं, माणूस गेलाय."

"मला कळत नाही का?" लेकीचा आवाज चिरकला. "पण तू बोललीस तर यांना काढतील, तुलाही काढतील. हे बाळ काय खाणार? तुझ्या बोलण्यानं तो परत येणारे का?"

लेक चुकीचं बोलत नव्हती. त्याच जागी त्या असत्या तर तेच बोलल्या असत्या. त्या उठल्या, तिच्या पायांवर पांघरूण घातलं आणि डबा घासायला घेतला. रबराचं कडं त्यांनी दोनदा धुतलं आणि सवयीनं पुन्हा डब्यावर चढवलं. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन त्या तशाच मोरीपाशी बसून राहिल्या. लेक झोपल्यावर त्यांनी जावयाला फोन लावला.

सकाळी त्या पोचल्या तेव्हा एकतीस नंबर टेबलावर पसरून ठेवलेला होता. पाणी निथळून गेलं होतं, पण खारट वास येत होता. शेजारी तळावरचे साहेब उभे होते; चांगला माणूस, डोळ्यांखाली रात्रभराचं जागरण. क्रेन चालवणारा एक जण आपला सूट परत द्यायला आला होता. तोही त्याच हेलिकॉप्टरमध्ये होता, कपाळावर पट्टी होती.

"मावशी," क्रेनवाला म्हणाला, "तुम्हाला सांगायचं म्हणून थांबलो. निघताना तो काय खुशीत होता! म्हणाला, आज पहिल्यांदा सूट कसा मऊ बसलाय, गळ्याला काही लागतच नाही. मावशीच्या हाताला गुण आहे, म्हणाला."

क्रेनवाल्यानं सूट ठेवला आणि तो गेला.

"बघून घ्या," साहेब हळू आवाजात म्हणाले. "वरच्या ऑफिसचं म्हणणं असं की झिप त्यानं पुरती ओढली नसणार. घाईचा माणूस होता. तसं असलं तर चूक त्याचीच धरतील, आणि घरच्यांना काही मिळायचं नाही. पण शेवटी तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार. तुमच्याइतके सूट कुणी पाहिलेत इथे?"

"त्याच्या घरचं कुणी आलंय?"

"बायको आलीय. बाहेर बाकावर बसलीय. सकाळपासून एकच विचारतेय, झिप त्यानं उघडी ठेवली होती का? घरी स्वेटरची बटणं लावायचा नाही, म्हणून ती रोज त्याच्यावर ओरडायची म्हणे. म्हणते, मी अजून ओरडायला हवं होतं."

मावशींनी खिडकीतून पाहिलं. लहानखुरी बाई, हातात नवऱ्याची पिशवी. पिशवीची चेन ती उघडत होती आणि लावत होती.

खाई त्याला खवखवे. लेकीचे सुजलेले पाय डोळ्यांसमोर आले, जावयाला वाढलेली ती दोन अंडी आली. साहेब म्हणतायत तसं "झिप" एवढा एकच शब्द बोलला की झालं. मेलेला माणूस काही सांगायला येत नाही. ती बाई उरलेला जन्म बटणांवरून स्वतःला कोसत राहील, आणि आपण मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खात बाळंतपण करू.

मावशींनी आधी झिप पाहिली. ती टोकापर्यंत ओढलेली होती, बगळेरावानं अगदी शेवटचा दातसुद्धा बसवला होता. मग त्या मागे वळल्या. फळीवर त्यांचा डबा होता. त्यांनी त्यावरचं रबराचं कडं काढलं, टेबलापाशी आल्या आणि ते सूटच्या गळ्यावर ठेवलं. कडेला कड अशी मिळाली की मध्ये केसही मावला नसता.

साहेब वाकून बघत राहिले. "हे कुठून आलं?"

"माझ्या डब्यावरून, साहेब."

त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते खुर्चीवर बसले.

"मावशी... कुणासाठी कापलंत?"

"ज्याच्यासाठी कापलं तो त्याचं तो सांगेल. त्याला मी रात्री तसं कळवलंय. कापलं मी. कात्री ती तिथे आहे." मग त्यांनी झिपवर बोट ठेवलं. "झिप बरोबर होती. तेवढं आधी लिहा. माझं मागाहून लिहिलंत तरी चालेल."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आता तुम्ही घरी जा," ते म्हणाले. "बोलावतील तेव्हा या. तिला मी सांगतो."

"नको. ती माझ्या तोंडूनच ऐकू दे."

त्यांनी एप्रन काढून खुंटीला अडकवला. कडं आणि कात्री टेबलावरच राहिली. डबा घेऊन त्या बाहेर गेल्या आणि बाकावर, पिशवीच्या पलीकडे बसल्या. बाईनं मान वर करून पाहिलं, ओळख नव्हती.

"तुमच्या मालकांनी झिप पुरती लावली होती," मावशी म्हणाल्या. "अगदी वरपर्यंत."

बाईचा पिशवीवरचा हात थांबला. मावशींच्या मांडीवरच्या डब्याचं झाकण सारखं निसटत होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि पुढचं सांगायला सुरुवात केली.